पाण्याच्या वाटेने बालाघाट

परीक्षा आटोपून उन्हाळ्याची सुटी लागली की तरुण मंडळींस डोंगर साद घालू लागतात. पूर्वी ही साद ऐकून पाय चालत. हल्ली मोटारसायकलींची चाके फिरतात. एकट्यादुकट्याने जाण्यापेक्षा आठ-दहा सोबत्यांचा तांडा करून निघण्यात त्यांस विशेष गोडी वाटते. कोणी लडाखची स्वप्ने पाहतो, कारण तेथे उमलिंग ला या खिंडीतील रस्ता एकोणीस हजार फुटांहूनही उंच गेला आहे. स्वप्न चांगले आहे. त्यास आमची हरकत नाही. परंतु दूरच्या हिमालयाकडे जाण्यापूर्वी घराच्या उंबरठ्याशी असलेला डोंगर पाहून घ्यावा, आणि तोही त्याच्या कठीण ऋतूत पाहावा, असे आम्हांस वाटते. धाराशिव जिल्ह्यातील बालाघाट हा असा डोंगर आहे.

या जिल्ह्याचे व नगराचे उस्मानाबाद हे नाव जाऊन 2023 मध्ये धाराशिव हे जुने नाव पुन्हा रूढ झाले. जिल्ह्याचा मोठा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीच्या पठारावर वसला असून बालाघाटच्या रांगा त्यातून गेल्या आहेत. उंचीच्या हिशेबाने पाहिल्यास हिमालयापुढे त्यांची मातब्बरी ती काय? परंतु येथील कसोटी उंचीची नव्हे, पाण्याची आहे. सह्याद्री पावसाचा मोठा वाटा आपल्याकडेच ठेवून घेतो आणि उरलासुरला इकडे पाठवितो. जो पडतो तोही डोंगरावर थांबत नाही. रांगेच्या एका अंगाचे पाणी तेरणा व मांजरा यांतून गोदावरीस जाते. दुसऱ्या अंगाचे सीना व बोरी यांतून भीमेस आणि पुढे कृष्णेस मिळते. बालाघाट हे पाण्याचे माहेर खरे. पण ते नांदते दुसरीकडे. वैशाखात, उन्हाचा पारा चाळीस अंशांच्या पुढे गेला म्हणजे, या एका वाक्याचा अर्थ प्रवाशास पुरता कळतो.

आमच्या घरातील पुतणे व त्यांचे सोबती अशा आठजणांनी यंदा बालाघाटची फेरी आखली, तेव्हा त्यांचा कागद आम्ही पाहिला. गावांची नावे होती, अंतरे होती, पेट्रोलचा हिशेब होता, कोणाची मोटारसायकल किती सीसीची हेही होते. आमच्या वडील वहिनींनी तो कागद वाचवून घेतला आणि एवढेच विचारले, "गावे पुष्कळ लिहिलीत रे, पण दुपारी बारा वाजता सावली कोणाची आणि पाणी कोणाचे, ते कोठे लिहिले आहे?" मुले एकमेकांकडे पाहू लागली. मग तोच कागद उलट्या बाजूने पुन्हा लिहावयास घेतला. आधी दुपारचे मुक्काम ठरले, मग पहाटेची निघण्याची वेळ ठरली, आणि गावे त्या दोहोंच्या मधोमध आपोआप येऊन बसली. उन्हाळ्यातील प्रवासाची आखणी अशीच, दुपारपासून मागे मोजत, करावयाची असते.

ही रीत काही नवी नाही. कालिदासाचा यक्ष मेघास निरोप सांगण्यापूर्वी वाट सांगतो, आणि त्या वाटेत कोठे विसावा घ्यावयाचा व कोणत्या नदीचे पाणी प्यावयाचे हे त्यास सांगावयास विसरत नाही. जो स्वतःच पाणी वाहून नेतो त्यासही जर पाण्याच्या जागा सांगाव्या लागतात, तर पाठीवर दोन बाटल्या बांधून निघालेल्या तरुणांची गोष्ट काय सांगावी! आमच्या जिल्ह्यात तर एक चमत्कार असा आहे की, पाहण्याजोगे जुने ठिकाण घ्या, त्याच्या मुळाशी पाण्याची एखादी कथा किंवा पाण्याची एखादी युक्ती हटकून सापडते. पूर्वजांनी देवळे, लेणी आणि किल्ले जेथे बांधले तेथेच प्रवाशांनी मुक्काम करावा, असा जणू नकाशाच त्यांनी आखून ठेवला आहे. मुलांची फेरी आम्ही त्या नकाशावर बसविली, ती अशी.

पहिल्या दिवशी उजाडण्याच्या सुमारास धाराशिवहून निघावे व प्रथम शहरापासून सात-आठ किलोमीटरांवर असलेली लेणी पाहावी. कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात या लेण्यांची कथा आली आहे. तीत राजा करकंड मूर्तीजवळची गाठ फोडावयास लावतो आणि आतून पाण्याचा लोंढा उसळून लेणे भरून जाते. तेथून तेरला जावे. तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात हे नगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले असून, येथील कापड बिकट, रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास जात असे, असे म्हटले आहे. आपल्या वेगाचा अभिमान वाटू लागला म्हणजे तरुणांनी त्या गाडीवानांची आठवण करावी. तेरणेच्या काठी संत गोरोबाकाकांची समाधी आहे. कुंभाराच्या चाकास माती हवी तसे पाणीही हवे. गोरोबाकाकांचे घर नदीकाठी असावे यात नवल ते काय? विटांनी बांधलेले त्रिविक्रमाचे प्राचीन देऊळ व रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय हीही पाहावी. मात्र ऊन चढण्यापूर्वी तेथून निघून येडशीजवळच्या रामलिंगास पोहोचावे.

रामलिंग हा दुपारचा पहिला मुक्काम. देऊळ डोंगराच्या कुशीत, दरीत आहे. भोवती येडशी-रामलिंगघाट अभयारण्य असून ते 1997 मध्ये घोषित झाले. सीतेस नेणाऱ्या रावणास जटायूने येथेच अडविले, आणि घायाळ जटायूस पाणी पाजण्यासाठी रामाने बाण मारून येथे पाणी काढले, अशी लोकांची श्रद्धा आहे. कथेचा ऐतिहासिक विचार विद्वानांनी करावा. आम्हांस तीत एवढेच दिसते की, या मुलखातील लोकांनी तहानलेल्यास पाणी पाजणे हे रामाचे कृत्य मानले. वैशाखात तेथील झरा आटतो, परंतु झाडांची सावली आटत नाही. कर्णे वाजवू नयेत, विस्तव करू नये, वानरांस खाऊ घालू नये. अरण्यात आपण पाहुणे आहोत हे ध्यानी ठेवावे.

उन्हे कलल्यावर येरमाळ्यास जावे. येथील डोंगरावर येडेश्वरीचे स्थान आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेस लाखो माणसे येथे लोटतात व चुनखडी वेचण्याचा विधी होतो. त्या दिवसांत मोटारसायकलींचा तांडा घेऊन या रस्त्याने जाणे म्हणजे आपणांस व यात्रेकरूंस दोघांसही संकट होय. म्हणून तिथी पाहूनच दिवस ठरवावा.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुंथलगिरी, तेथून भूम आणि भूमहून परंडा. कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र. कुलभूषण व देशभूषण या मुनींस येथे मोक्ष मिळाला असे ते मानतात. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये येथेच सल्लेखना घेतली. परंड्याचा भुईकोट किल्ला खंदकाने वेढलेला असून, अहमदनगर पडल्यावर काही काळ निजामशाहीची राजधानी येथे होती. विजापुरास गेलेल्यांनी 'मुलूख-ए-मैदान' ही अजस्र तोफ पाहिली असेल. ती 1549 मध्ये अहमदनगरास ओतली गेली, पुढे परंड्यास आली आणि 1632 मध्ये येथून विजापुरास नेण्यात आली. पन्नास टनांहून जड असा तो गाडा ओढण्यास शेकडो बैल व हत्ती लागले, असे परंपरा सांगते. त्या सर्व जनावरांचे पाणी-वैरण कोणीतरी मुक्कामागणिक ठरविले असेलच. तोफ डागणाऱ्याचे नाव इतिहासात राहते, वैरणीचा हिशेब ठेवणाऱ्याचे राहत नाही.

तिसऱ्या दिवशी परंड्याहून बार्शीमार्गे तुळजापूर. हा टप्पा सर्वांत लांब, म्हणून निघणेही सर्वांत लवकर. तुळजाभवानीच्या देवळात पायऱ्या उतरून जाताना प्रथम कल्लोळ व गोमुख ही तीर्थे लागतात. पाण्यास स्पर्श केल्यावाचून देवीसमोर जावयाचे नाही अशी ती रचना आहे. जवळच घाटशीळ आहे. त्या शिळेवर उभे राहून देवीने रामास लंकेची वाट दाखविली, असे सांगतात. वाट विचारण्यास प्रत्यक्ष रामही लाजला नाही, ही गोष्ट मोबाइलमधील नकाशावर भिस्त ठेवणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. डोंगरात तो नकाशा कधी मुका होतो. गुराख्याचे बोट मात्र नेहमी बोलते.

चौथ्या दिवशी पहाटे नळदुर्ग. येथे पूर्वजांची पाण्याची युक्ती कळसास पोहोचली आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, बोरी नदीस बांध घालून तिचे पाणी किल्ल्याभोवती फिरविण्यात आले आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधण्यात आला. पावसाळ्यात वरून 'नर' व 'मादी' असे दोन धबधबे कोसळतात आणि आत बसलेला मनुष्य कोरडा राहतो. धबधबा उन्हाळ्यात दिसत नाही हे खरे. परंतु पाणी नसताना बांधाचे चिरे, मोऱ्या आणि जिने निवांतपणे पाहता येतात. 1853 मध्ये या मुलखाचा कारभार मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याकडे आला, तेव्हा जिल्ह्यास नळदुर्गचेच नाव होते. 'तारा' ही त्याची कादंबरी तुळजापुरापासूनच आरंभ होते. नळदुर्ग पाहून, तुळजापूरमार्गे ऊन तापण्याच्या आत धाराशिवास परत यावे.

आता या फेरीचे नियम. वाऱ्यावर गाडी चालली की अंगास गार वाटते, हा समज चाळीस अंशांच्या उन्हात घातक ठरतो. आपल्या शरीराची उष्णता सदतीस अंशांच्या आसपास असते. तीहून तापलेला वारा अंगावर आदळला म्हणजे तो उष्णता नेत नाही, देतो. घाम तर फुटताक्षणीच वाळतो, म्हणून किती पाणी गेले हे कळतही नाही. यास्तव पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावे, आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने पाणी प्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातले म्हणजे उत्तम पेय घरच्या घरी तयार होते. सोबत्याचे बोलणे अडखळू लागले, तो भलतेच बोलू लागला किंवा त्याचे अंग तापून कोरडे पडले, तर तो उष्माघात समजावा. त्यास सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सकाळी दहा ते सायंकाळी चारपर्यंत गाडी चालवावयाचीच नाही, हा नियम सर्वांत वरचा. सायंकाळी वळवाचे ढग जमले, तर विजा थांबेपर्यंत पक्क्या इमारतीत बसावे, झाडाखाली कदापि नव्हे. आणि पहिल्या सरीने धूळ व तेल कालवून रस्ता निसरडा होतो हेही विसरू नये.

तांड्याची शिस्त वारीतील दिंडीपासून शिकावी. पुढे वाट जाणणारा एक, सर्वांच्या मागे दुरुस्तीची हत्यारे व औषधे बाळगणारा एक, आणि सर्वांत नवखा गडी पुढच्याच्या लगेच मागे; म्हणजे चाल त्याच्या बेताची राहते. पुढच्याने ओलांडलेला दगड आपण सावकाश तीन अंक मोजून मग ओलांडावा. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत पुढच्याने थांबावे. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, केवळ ब्रेकवर भार टाकू नये. टायरमधील हवा पहाटे, चाके थंड असताना तपासावी. शिरस्त्राण चालविणाऱ्यास तसेच मागे बसणाऱ्यासही कायद्याने बंधनकारक आहे. कायदा नसता तरी आयांच्या शब्दाने ते बंधनकारकच होते.

शेवटचा नियम आम्हांस सर्वांहून मोठा वाटतो. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या गाडीस लोक 'जलदूत' म्हणत. 1897 मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचा विस्तार पुढे लातूर व मिरजेपर्यंत झाला, त्याच मार्गाच्या आजच्या रुंद रुळांवरून ते पाणी बालाघाट चढून आले. ज्या मुलखाने आगगाडीतून आलेले पाणी प्यायले आहे, तेथे वैशाखात कोणाच्या दारी मागितलेला तांब्या हा साधा तांब्या नव्हे. यजमान नाही म्हणणार नाही. या मातीची ती रीत नाही. म्हणूनच मागणाऱ्याने विचार करावा. आठजणांचे दिवसभराचे पिण्याचे पाणी निघतानाच गाड्यांवर बांधावे, ते मोठ्या गावात भरून घ्यावे, लहान वस्तीवर टँकरच्या रांगेत आपला डबा लावू नये, आणि धुळीने माखलेल्या मोटारसायकली घरी येईपर्यंत तशाच राहू द्याव्या.

वडीलधाऱ्यांसही दोन शब्द सांगावेसे वाटतात. मुलांस जाऊ नका म्हणणे सोपे आहे. त्याने मुले घरी राहतात, परंतु शहाणी होत नाहीत. त्यांचा कागद मागून घ्यावा, दुपारचे मुक्काम तपासावे, पाण्याचा हिशेब विचारावा, आणि तो पटला म्हणजे संतोषाने निरोप द्यावा. आठ सोबत्यांतील सर्वांत दुबळ्याच्या चालीने चालणे आणि दुसऱ्याच्या घागरीस धक्का न लावता आपली तहान भागविणे, हे दोन धडे ज्याने बालाघाटात गिरविले, त्यास पुढे हिमालयात पाठविण्यास कोणत्याही घराने भिऊ नये.