अडकलेल्या माणसांची पुस्तके

जुन्नरच्या मुलखात घोड्यांना हरभरे चारतात आणि तेल व साखर घालून शिजवलेली खिचडीही देतात, हे वाक्य पंधराव्या शतकातील एका रशियन व्यापाऱ्याच्या टिपणांत वाचल्यापासून बहमनी राज्याच्या इतिहासातील वजीर, सुलतान आणि त्यांच्या मोहिमा यांवरून माझे चित्त जे उडाले ते अद्याप ठिकाणावर आलेले नाही. तेल आणि साखर एकाच खिचडीत पडावी हे आमच्या घरातील कोणत्याही गृहिणीला रुचले नसते, हा भाग निराळा. परंतु भर आषाढात, ओल्या सरपणाच्या धुराने डोळे चुरचुरत असताना, घोड्यासाठी हंडा चुलीवर चढवणारा तो मोतद्दार कोण असेल, आणि खरवड घोड्याच्या वाट्याला जात असेल की त्याच्या पोराच्या, हे प्रश्न मला बहमनी वजीर महमूद गावानाच्या राजनीतीपेक्षा अधिक छळतात. तवारिखांत याची उत्तरे नाहीत. प्रवाशांच्या पुस्तकांत तरी ती असतात असे नव्हे. पण असे प्रश्न तेथे निदान उपजतात.

हा प्रवासी म्हणजे व्होल्गेच्या काठच्या त्व्हेर नगरातील अफानासी निकितीन. अस्त्राखानजवळ तातारांनी लुटल्यावर रिकाम्या हाताने घरी परतण्याऐवजी तो बाकू, इराण, होर्मुझ असा उतरत गेला आणि हिंदुस्थानात घोड्याला मोल येते या ऐकीव माहितीवर विसंबून एक घोडा जहाजात घालून १४७० च्या आगेमागे चौलच्या बंदराला लागला. तेथून आठ दिवसांनी पाली, मग सह्याद्री, आणि घाट चढून जुन्नरला पोहोचतो न पोहोचतो तोच आभाळ फाटले. चार महिने रात्रंदिवस पाऊस आणि चिखल, असे तो लिहितो. आपण गोरे असल्यामुळे जिकडे जावे तिकडे बघ्यांचा घोळका मागे लागतो, हेही तो काहीशा संकोचाने नमूद करतो. जुन्नरचा हाकिम असदखान. त्याच्या पदरी उत्तम हत्ती आणि घोडे असूनही तो माणसांवर बसून फिरतो, याचा निकितीनला मोठा अचंबा वाटला. आपल्याला त्यात वाक्य लिहिण्याजोगेही काही दिसले नसते, कारण आपण देवांना आणि संतांच्या पादुकांनाही पालखीतच बसवतो.

शिवनेरीविषयी त्याने लिहिले आहे की हा गड देवानेच घडवला, माणसाने नव्हे; वर चढायला एका माणसाला एक दिवस लागतो आणि वाट इतकी अरुंद की दोघांना जोडीने जाता येत नाही. महादरवाज्यापासून कुलाबकर दरवाज्यापर्यंत सात दरवाजे ओलांडीत जाणारी आजची पायऱ्यांची वाट चांगल्या पायाचा मनुष्य तासाभरात संपवतो, म्हणून निकितीनला अतिशयोक्तीचा दोष देणारे टीकाकार निघतात. मला हा दोष मान्य नाही. गडाची उंची हवी असेल तर ती सर्वे खात्याच्या नकाशात आहे. श्रावणातल्या शेवाळलेल्या कातळावर, अंगावर परका वेश आणि पोटात परकी भाकर घेऊन, वरून दगड सुटेल की माणूस याचा नेम नसताना तो गड केवढा दिसतो, हे मोजण्याचे माप ‘एक दिवस’ हेच असणार.

आणि मग असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. हा मनुष्य मुसलमान नाही, रशियन आहे, असे खानाला कळले, तेव्हा त्याने सरळ अट घातली: आमचा दीन स्वीकार, घोडाही देतो आणि वर हजार सुवर्णनाणी देतो, न स्वीकारशील तर घोडा जाईल आणि तेवढीच नाणी तुझ्याकडून वसूल करीन. चार दिवसांची मुदत. हे घडले ख्रिस्ती लोकांच्या एका उपवासाच्या दिवसांत, आणि ऐन वेळी महंमद नावाचा खुरासानी खोजा गावात आला, निकितीनची काकुळत ऐकून खानाकडे गेला, आणि धर्म व घोडा दोन्ही सोडवून घेऊन आला. पुढे बीदरच्या मुक्कामी हा घोडा विकला गेला. वर्षभर पोसला आणि त्याच्यापायी ६८ फुतून नाणी खर्ची पडली, अशी जमाखर्चाची ओळ निकितीनने लिहून ठेवली आहे.

पण मला खरे थांबवले ते दुसऱ्याच एका तक्रारीने. निघताना त्याने घरून पोथ्या बरोबर घेतल्या होत्या, आणि अस्त्राखानच्या लुटीत त्या गेल्या. माल गेल्याचे दुःख तो चार ओळींत आवरतो. पोथ्या गेल्याचे दुःख मात्र त्याला वर्षानुवर्षे पुरले आहे, कारण पोथ्यांबरोबर त्याचे पंचांग गेले. नाताळ केव्हा, ईस्टर केव्हा, बुधवार कोणता आणि शुक्रवार कोणता, हे काही कळेनासे झाले. आता मनात आणा: हा मनुष्य ज्या गावात चिखलात रुतून बसला होता तेथे त्याच्याभोवती प्रत्येकाला आपली तिथी मुखोद्गत होती; नागपंचमीला कोणी नांगर धरीत नव्हते, पोळ्याला बैलांची शिंगे रंगत होती, लेण्याद्रीच्या डोंगराखाली चतुर्थी मोजली जात असेल, मशिदीत नवा चंद्र पाहिला जात होता; आणि या साऱ्या मोजणाऱ्यांच्या मध्ये एकटा हा, ज्याला स्वतःचा सण कधी येऊन गेला ते ठाऊक नाही. तो मुसलमानांच्या सणांवरून अदमास करी, त्यांच्याबरोबर उपवास धरी, आणि बीदरला असताना कृत्तिका आणि मृग पहाटेच्या उजेडात शिरल्या व सप्तर्षींचे तोंड पूर्वेकडे झाले, म्हणजे ईस्टर आला असावा, असे त्याने ठरवले. पुस्तक हरवलेल्या माणसाने आकाश वाचायला घेतले असे म्हटले तर ते फार गोड होईल. तो घाबरलेला होता. टिपणांच्या मधूनच त्याची भाषा बदलते, रशियन सोडून तुर्की, फारसी आणि अरबी शब्दांत प्रार्थना सुरू होते, आणि ती कोणत्या देवाची हे सांगणे पंडितांनाही अवघड जाते. पोथ्या लुटणाऱ्या तातारांनी त्या कोठल्याशा शेकोटीत घातल्या असतील. त्या पोथ्या शाबूत राहिल्या असत्या तर निकितीन वेळेवर उपास करून वेळेवर झोपला असता आणि आपल्याला हे पुस्तक मिळाले नसते, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

तो घरी पोहोचला नाही. स्मोलेन्स्क गाठण्यापूर्वीच वारला. त्याच्या हातची टिपणे व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन तेथील मामिरेव्ह नावाच्या दफ्तरी कारकुनाच्या स्वाधीन केली, ती बखरीत उतरली, आणि साडेतीनशे वर्षांनी इतिहासकार करामझिनला एका मठाच्या ग्रंथसंग्रहात सापडली. त्यांचे इंग्रजी भाषांतर लंडनला छापून निघाले १८५७ साली. त्याच वर्षी चौलपासून फार दूर नसलेल्या पेणजवळच्या वरसईहून विष्णुभट गोडसे नावाचे भिक्षुक, कर्ज फिटावे म्हणून, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळवायला निघाले आणि झाशीच्या वेढ्यात जाऊन अडकले. त्यांनी आपला ‘माझा प्रवास’ लिहिला १८८३ च्या सुमारास. चिंतामणराव वैद्यांनी तो छापला १९०७ साली. या दोघांची गाठ घालण्याचा मोह मला आवरत नाही. हौसेने हिंडायला निघालेला मनुष्य डोळे उघडे ठेवतो खरा, पण त्याला परतीच्या गाडीची वेळ ठाऊक असते. अडकलेल्याला ती ठाऊक नसते. म्हणून तो भाव विचारतो, चूल पाहतो, कोणावर भरवसा ठेवावा हे चेहऱ्यांवरून वाचतो. गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’वर माझा लोभ आहे, परंतु तिच्यात गड हे दैवत आहे, निकितीनला गड ही अडचण होती.

जुन्नरला अडकलेला दुसरा मनुष्य जॉन फ्रायर. ईस्ट इंडिया कंपनीचा हा वैद्य सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात मुंबईहून मोगली अंमलदाराच्या बोलावण्यावरून, पालखीचे भोई वाट चुकत आणि शिव्या खात, घाट चढून जुन्नरला आला. शिवाजीमहाराज तेव्हा हयात होते आणि त्यांचे जन्मस्थान असलेला गड अद्याप मोगलांच्याच ताब्यात होता. वर हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल इतका दाणागोटा साठवलेला आहे, असे फ्रायरने लिहिले. पण त्याच्या पुस्तकाचे खरे धन जनानखान्यात आहे. रेशमी पडद्याआडून एक मनगट त्याच्या हाती देण्यात आले. त्याने नाडी पाहिली आणि सांगितले, ही व्यक्ती ठणठणीत आहे. ते मनगट परीक्षेसाठी पुढे केलेल्या एका धट्ट्याकट्ट्या बटकीचे होते! मग विश्वास बसून खऱ्या रुग्णेचा हात आला. पुढे रक्त काढण्याचा प्रसंग आला असता दालनभर ताणलेला पडदाच खाली आला, आणि आतल्या स्त्रियांची जी तारांबळ उडाली तिचे वर्णन करताना हा विलायती वैद्य, बोटांच्या फटींतून त्याही आपल्याकडे पाहत होत्या, हे सांगायला विसरत नाही. तेवढ्या गडबडीत त्याने आणखी एक गोष्ट टिपली: सोललेले आंबे पसरलेले होते, मुरांब्याला आणि लोणच्याला, शेजारी अर्धवट टाकलेले भरतकाम होते. मोगल जनान्याविषयी दरबारी ग्रंथांत जे अलंकारिक लिहिले गेले ते सारे एका पारड्यात घालावे आणि दुसऱ्यात ही फोडींची परात ठेवावी. फ्रायरची शैली मला बोजड वाटते, त्याचे पूर्वग्रहही थोडे नाहीत. १६९८ साली छापलेल्या त्या आठ पत्रांच्या ग्रंथातून शेकडो पाने गाळली तरी माझे नुकसान होणार नाही. परातीचे पान मात्र मी कोणाला देणार नाही.

न अडकलेल्यांचेही उपकार आहेतच. कर्नल साइक्स १८२८ साली जुन्नरजवळच्या नाणेघाटाच्या लेण्यात शिरला म्हणून सातवाहन राणी नागनिकेचा लेख विद्वानांपर्यंत पोहोचला आणि पुढे भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर यांनी तो लावला. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण यांचे आकडे त्यात खोदलेले आहेत. लेणे पाहून निघालेली मंडळी वर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण पाहतात. त्याच्या काठावरून हात फिरवला तर बाहेरचा खडबडीतपणा आत एकाएकी नाहीसा होतो, आणि तळाशी बिस्किटांच्या पुड्यांचे कागद असतात. याच वाटेने वर आलेल्या यवनांपैकी काहींनी जुन्नरच्या लेण्यांत एकेका ओळीचा लेख ठेवला. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्याने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. ग्रीसहून म्हणा, सिंधूकाठाहून म्हणा, येथवर आलेल्या माणसाने आपल्या साऱ्या प्रवासापैकी दोन टाकीच तेवढी सांगावी, हा संयम आमच्या प्रवासवर्णनकारांना शिकवायला हवा. त्यांना जुन्नरी कागद फार स्वस्त मिळाला असे म्हणावे, तर त्या कागदावर पेशव्यांच्या कारकुनांनी जे लिहिले त्याच्यातही पाल्हाळ फारसा नाही.

जुन्नरशेजारच्या आंबेगावाच्या वाट्याला असा कोणी आला नाही. तालुक्याला त्याचे नाव आहे, कचेरी घोडेगावला आहे, आणि मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. जलाशयाला याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूंचे नाव दिलेले आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या घरांची जोती आणि देवळांचे दगड उघडे पडतात आणि पुणे-मुंबईची मंडळी छायाचित्रे काढायला जातात. मीही गेलो होतो. भेगाळलेल्या गाळात दोन वृद्ध गृहस्थ उभे होते, दोघेही त्याच गावात वाढलेले; हिरड्याची पोती कोठे तोलली जात, बाजार कोणत्या आळीने भरे, वाण्याचे दुकान कोणते, हे एकजण काठीने दाखवीत होता आणि दुसरा प्रत्येक ठिकाणी त्याला हरकत घेत होता. शाळेपाशी आल्यावर वाद चिघळला. हे सारे कोणीतरी लिहून ठेवायला हवे, असे मी म्हणालो, त्यावर पहिला उत्साहाने म्हणाला, “व्हय, मी सांगतो, तुमी ल्ह्या.” दुसऱ्याने त्याची काठी धरली. “आरं, ल्ह्या काय? आदी शाळंचं तोंड कुणीकडं व्हतं त्ये तरी ठरव.”