मामंजींचा परवलीचा शब्द

निवृत्तीनंतर मामंजींनीं आमच्या कुलवृत्तान्ताचीं टिपणें घरच्या सर्व्हरवर, ‘मायएस्क्यूएल’मध्यें, भरून ठेवलीं होतीं. गेल्या चातुर्मासांत ते वारले आणि ‘रूट’ ह्या मुख्य कारभाऱ्याचा परवलीचा शब्द त्यांच्याबरोबरच गेला. कुलदैवत, मुलांच्या जन्मतिथी, सारें घालून पाहिलें. व्यर्थ!

“वहिनी, पुसून तर नाहीं ना जाणार?” वन्संनीं विचारलें.

असा शब्द मूळ रूपांत कोठेंच साठवीत नाहींत. तेव्हां जुना शोधण्याची आशा नको, नवाच द्यावयाचा. यंत्राचा ताबा सुदैवानें माझ्याकडे होता. सेवा थांबविली व ‘स्किप-ग्रँट-टेबल्स’ हा पर्याय देऊन पुन्हां सुरू केली. मग अधिकारांची तपासणीच होत नाहीं. दार सताड उघडें! म्हणूनच ८.० ह्या आवृत्तींत अशा वेळीं बाहेरून येणाऱ्या जोडण्या आपोआप बंद राहतात. जुन्या आवृत्तींत ती दक्षता आपणच घ्यावी. ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ म्हणून अधिकारपत्रकें पुन्हां वाचविलीं, ‘ऑल्टर यूझर’नें नवा शब्द दिला आणि सेवा पूर्ववत् चालू केली. काम दहा मिनिटांचें. पण हात कांपत होता.

शेवटची नोंद आमच्या धाकटीची निघाली, जन्मवेळेसह. सासूबाई बराच वेळ पडद्याकडे पाहात राहिल्या. मग नवा शब्द त्यांनीं माझ्याकडून कागदावर लिहवून घेतला व देवघरांतल्या डब्यांत ठेवला. आमच्या शास्त्राला हें मुळींच संमत नाहीं. मीं कांहीं बोललें नाहीं.