तुळई नवी, वास्तू जुनी

चिनी वास्तुकला म्हटली की डोळ्यांसमोर टोकाला वर वळलेली कौलारू छपरं येतात. खरी करामत असते ती त्या छपरांखाली. खांबाच्या माथ्यावर ठोकळे आणि आडवे हात एकावर एक रचून केलेला घोस दिसतो, तो दोउगोंग. छपराचा भार तो खांबावर उतरवतो आणि वळचण भिंतीच्या बरीच पुढे नेतो. त्याचे सांधे खाच आणि कुसवाचे. खिळ्यांवर भिस्त नसल्यामुळे धक्का बसला की ते किंचित हलतात आणि जोर आपसांत वाटून घेतात. शान्शी प्रांतात यिंगश्यान इथला 1056 सालचा लाकडी पॅगोडा सुमारे 67 मीटर उंच आहे आणि अनेक भूकंप सोसून तो उभा आहे.

पण या वारशाचा गाभा मला लाकडापेक्षा मापात दिसतो. सोंग राजवटीत लि च्ये याने सिद्ध केलेला ‘यिंगझाओ फाशी’ हा सरकारी ग्रंथ 1103 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या प्रमाण लाकडाचा छेद 15 भाग उंच आणि 10 भाग रुंद. आकारानुसार त्याचे आठ दर्जे. वास्तूच्या मानाप्रमाणे दर्जा ठरला की तुळईपासून दोउगोंगच्या हातापर्यंत सगळी मापं त्यातून निघतात. आपण वाडा किती खणांचा असं विचारतो, तशी तिथेही दोन खांबांमधल्या अंतराने वास्तू मोजतात. साहजिकच एखादा तुकडा कुजला तर त्याच मापाचा दुसरा बसवता येतो. ही दुरुस्ती मी वास्तूच्या आयुष्याचाच भाग मानतो, तिची झीज नव्हे.

यावर आक्षेप ठरलेला: असं एकेक लाकूड बदलत गेलं, तर जुनं उरलं काय? आक्षेप पोकळ नाही, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा चीनमध्येच आहे. तांग राजवटीतली लाकडी इमारत चीनमध्ये उरलेली नाही, ती पाहायची तर जपानमधल्या नारा शहरातच जावं, असं जपानी अभ्यासक सांगत. 1937 साली लिआंग स्सुचेंग आणि लिन ह्वेइयिन हे अभ्यासक दांपत्य वूताय पर्वतातल्या फोगुआंग मंदिराच्या सात खणी पूर्व दालनात पोचलं. तुळईच्या खालच्या अंगाला शाईची पुसट अक्षरं लिनच्या नजरेला पडली. त्यांत दान देणाऱ्या स्त्रीचं नाव होतं, आणि तेच नाव अंगणातल्या दगडी स्तंभावर तांग काळातल्या 857 सालासह कोरलेलं होतं. एखाद्या उत्साही दुरुस्तीत ती तुळई गेली असती, तर दालनाचं वय सांगणारा हा पुरावाही गेला असता.

म्हणून कुजलेलं तेवढंच बदलावं, हे मला मान्यच आहे. माझी हरकत वेगळ्याच गोष्टीला आहे. जवळच्याच नान्छान मंदिराचं दालन 782 सालचं. 1970 च्या दशकातल्या दुरुस्तीत नंतरच्या काळातले बदल काढून वळचण तांग पद्धतीची असावी तशी, म्हणजे अंदाजाने, पुन्हा बांधली गेली. सुतार तुळई बदलतो तेव्हा समोरचं माप पाळतो. इथे अभ्यासकाने मनातलं चित्र उभारलं. पहिलं काम परंपरेचं, दुसरं हौसेचं.

माप पाळणारे हात मात्र हवेत. फुज्यान आणि झेज्यांगमधल्या लाकडी कमानी पुलांची बांधणी 2009 साली युनेस्कोच्या तातडीने जपायच्या यादीत गेली. 2022 च्या ऑगस्टमध्ये फुज्यानमधला असाच वानआन पूल जळाला; तसा पूल पुन्हा उभारायचा तर हेच हात लागतात. 2024 साली ही कला तातडीच्या यादीतून निघून प्रातिनिधिक यादीत आली.