महाडचे पाणी आणि सातवीच्या बाटल्या

इतिहास शिकविणाऱ्यांनी पाण्याच्या तपासणीत का पडावे, असे पालकसभेत आम्हांस अनेकदा विचारले गेले. आमचे विज्ञानाचे सहकारी सोबत आहेतच. परंतु हा उपक्रम जन्मला तो इतिहासाच्या तासाला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरींनी त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, हे आम्ही सातवीला सांगत होतो. तोच मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, शेण टाकल्यावर पाणी शुद्ध झालं की घाण झालं?”

उत्तर तोंडी देता आले असते. पण आपला धम्म ‘एहिपस्सिको’ आहे. या आणि पाहा, असे म्हणणारा. पाहण्याचे साधनही थोड्या पैशांत मिळत होते. हायड्रोजन सल्फाईड चाचणीच्या बाटलीत औषध लावलेली कागदी पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरून ती २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवायची. विष्ठेतून आलेले जिवाणू पाण्यात असतील, तर त्यांनी सोडलेल्या वायूचा लोहाशी संयोग होऊन पाणी काळे पडते. मुलांनी एका बाटलीत उकळून गार केलेले पाणी भरले, दुसरीत त्याच पाण्यात शेणाचा कण कालवला. दुसरी बाटली शाईसारखी काळी झाली. १०८ घागरींचा हिशेब मग मुलांनी आमच्यावाचून केला.

टीडीएस मीटरचा आकडा दाखवून घरोघरी यंत्रे विकणाऱ्यांचाही समाचार याच वर्गाने घेतला. चिमूटभर मिठाने तो आकडा उसळतो; गटाराच्या चार थेंबांनी मात्र फारसा हलत नाही. क्षार मोजणारे यंत्र जिवाणू मोजीत नाही, एवढे तरी प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांनी आपापल्या गावचे पाणी आणावे, असे ठरले, तेव्हा एक पालक आम्हांस भेटावयास आले. अदबीने, पण स्पष्ट म्हणाले, “सर, आमच्या पाण्याला पुन्हा कोणी अशुद्ध म्हणायला नको.” त्या शब्दाने आपल्या पिढ्यान्‌पिढ्या भाजल्या आहेत, त्यांची शंका रास्त होती. म्हणून बाटल्यांवर गावाचे वा वस्तीचे नाव न घालता केवळ क्रमांक घातले, आणि ‘अशुद्ध’ हा शब्द वगळून वहीत ‘दूषित’ असे लिहिले. अशुद्धता माणसावर लादली जाते. दूषण कोठून आले ते शोधता येते आणि काढताही येते. क्रमांक उघडले तेव्हा एका गावची भर चौकातील जुनी विहीर काळी निघाली होती, आणि त्याच गावच्या आपल्या वस्तीतील हातपंप नितळ.

मात्र सर्वत्र असे नव्हते. शंका काढणाऱ्या त्या पालकांच्याच मुलाची बाटली काळी झाली. त्यांच्या घरचा नळ जलवाहिनीच्या अगदी टोकाला. नळाला पाणी येताच मुलाने त्यात ओ.टी. द्रावणाचे थेंब टाकून पाहिले. क्लोरीन असते तर पाणी पिवळे झाले असते, ते झाले नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावे, असे भारतीय मानक सांगते. टाकीत घातलेली टीसीएल पावडर वाटेतच संपत होती; वाहिनी गटारातून जात होती, आणि पाणी बंद झाले की फुटलेल्या सांध्यातून घाण आत ओढली जात होती. वस्ती टोकाला का, याचे उत्तर इतिहासात आहे. सांधा कोठे फुटला, याचे उत्तर बाटल्यांनी दिले.

ते पालक मुलाची वही घेऊन ग्रामसभेत गेले. ‘पोरांचा खेळ’ म्हणून प्रथम हसे झाले. त्यांनी नमुना शासकीय प्रयोगशाळेत पाठविण्याचा आग्रह धरला, तो सोडला नाही. अहवालही तोच आला. फुटका सांधा बदलला गेला आहे. क्लोरीन मात्र अजून रोज टोकापर्यंत पोहोचत नाही. तो मुलगा आता नववीत आहे. सुट्टीला जाताना ओ.टी.ची बाटली आमच्याकडून मागून नेतो, आणि परतल्यावर तारखांसह नोंदी दाखवितो. मागील सुट्टीतील अकरा दिवसांपैकी चार दिवस पाणी पिवळे झाले.