जरा सरकून घ्या

काकूंनी आलाप सुरू केला तेव्हा पंखा बंद होता, फ्रिज बंद होता, दारावरच्या बेलची वायरसुद्धा मी काढून ठेवली होती. तरीही दुसऱ्या कडव्यात, त्या वरच्या सा वर जाऊन जिथे क्षणभर थांबल्या, नेमकं तिथेच खालून मेथीवाल्यानं हाक दिली. काकूंचं वय 68. त्या दिवशी तो अभंग जसा लागला तसा पुन्हा लागेल, याची खात्री त्यांना नव्हती आणि मलाही नव्हती. मी हातानंच खूण केली, चालू द्या.

सोसायटीच्या भजनी मंडळाचं हे ध्वनिमुद्रण मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. डोंबिवलीतली दहा बाय बाराची खोली, एक संगणक, एक बरा माईक, दोन स्पीकर. आधी एकट्या काकू, कानात तानपुऱ्याचं ॲप लावून. मग नानांची पेटी, मग पखवाज, शेवटी टाळ. खाली थोडा आधार हवा म्हणून कीबोर्डवर खर्जातला सा धरून ठेवला. एकेक ट्रॅक वेगळा ऐकला की जीव सुखावायचा. पाचही एकदम सोडले की पंगत बसायच्या आधीचा मंगल कार्यालयाचा हॉल. कुठल्याही चांगल्या रेकॉर्डशेजारी ठेवलं की आमचं गाणं घरी केलंय हे चार सेकंदांत कळायचं. सूर हलला नव्हता, ताल सुटला नव्हता. मग हा घरगुतीपणा येत कुठून होता?

पहिल्या रात्री मी नवशिके करतात तेच केलं. काकू दबल्या म्हणून त्यांचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर. मग पेटी बारीक वाटली, ती वर. मग पखवाज मागे पडला, तोही वर. रात्री दोन वाजता सगळे जण एकमेकांच्या तुलनेत होते तिथेच होते, फक्त एकूण पातळीचा शेवटचा दिवा लाल झाला होता.

याला लोकलच्या बाकासारखी दुसरी उपमा मला सापडत नाही. तिघांचा बाक असतो, चौथा येतो आणि म्हणतो, जरा सरकून घ्या. कोणी उठत नाही, कोणी कोणाला ढकलतही नाही. खिडकीवाला दोन बोटं सरकतो, मधला तेवढाच, तिसरा पिशवी मांडीवर घेतो आणि चौथा अर्धामुर्धा का होईना, टेकतो. आवाजातला हवा तो पट्टा कमीजास्त करणारं इक्वलायझर हे यंत्र मी इतकी वर्षं काहीतरी वाढवायचं यंत्र समजत होतो. ते मुख्यतः सरकायचं यंत्र आहे.

माणसाचा कान साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो, पण सगळीकडे सारखं नाही. 2,000 ते 5,000 च्या पट्ट्यात तो सगळ्यात तिखट असतो. शब्द कळतात ते ज्या व्यंजनांमुळे, त्यांतली बरीचशी याच भागात राहतात. आणि पेटीच्या रीडचे वरचे दाट स्वरांशही तिथेच येऊन बसतात. एकाच पट्ट्यात दोन आवाज आले की मोठा लहान्याला झाकतो. लहाना गेलेला नसतो, नुसता दिसेनासा होतो. मी नानांच्या पेटीतून 2,500 हर्ट्झच्या आसपास 3 डेसिबल काढले. पेटी एकटी ऐकली तर थोडी मलूल वाटत होती. नाना असते तर हात धरला असता. पण सगळ्यांत ऐकली तर पेटीचं काहीच गेलं नव्हतं आणि काकूंचा शब्द मात्र पुढे येऊन उभा राहिला होता. काकूंच्या ट्रॅकमधूनही 100 हर्ट्झच्या खालचं सगळं काढलं. तिथे त्या गातच नव्हत्या, तिथे टेबलाला लागलेला पाय होता आणि रस्त्यावरची घरघर. टाळ जरा उजवीकडे नेले. आपण 'काय जागा घेतली!' म्हणून दाद देतो. ती घ्यायला आधी कुणीतरी सोडलेली असते, हे मात्र दाद देताना आठवत नाही.

यंत्रं नव्हती तेव्हा ही सरकासरकी पायांनी होत असे. 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांनी रेकॉर्डसाठी गायलं तेव्हा समोर माईक नव्हता, कर्णा होता. कोण कर्ण्याच्या किती जवळ आणि कोण किती लांब, एवढाच काय तो आवाजांचा समतोल. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं ते 1925 साली. पुढे 1949 च्या 'महल' चित्रपटात संगीतकार खेमचंद प्रकाश यांना 'आयेगा आनेवाला'च्या सुरुवातीला आवाज दुरून जवळ येताना हवा होता. माईक खोलीच्या मध्यावर ठेवला आणि लताबाई मंगेशकर कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. हे त्यांनीच मुलाखतींत सांगितलेलं आहे. आज तेवढ्यासाठी मी रिव्हर्ब (म्हणजे घुमारा), फिल्टर आणि फेडरची चढती रेघ अशा तीन गोष्टी हाताळतो आणि तरी ती चाल काही येत नाही.

त्या काळी सगळे वादक एका वेळी वाजवत. मागून वेगळं करून सुधारायची सोय नव्हती, म्हणून आधी विचार करावा लागे. गायिका ओळ म्हणत असताना व्हायोलिनं खाली किंवा गप्प, ओळ संपली की बासरीचं उत्तर. मिक्सिंगचं निम्मं श्रेय मी संगीत संयोजकाला देतो. यावर माझे यंत्रप्रेमी मित्र चिडतात, चिडोत.

तर मी नानांकडे गेलो. म्हटलं, "नाना, काकू ओळ म्हणत असतील तेव्हा ती तशीच्या तशी मागे वाजवू नका. नुसता सा-प धरा आणि ओळ संपली की भरा."

"म्हणजे साथ करायची नाही?"

"करायची. पण शब्द सोडून."

नाना काही बोलले नाहीत. आठवड्यानं स्वतःहून आले, भाता असा हलका ठेवला की पेटी श्वास घेतेय असं वाटावं, आणि एका दमात सगळं वाजवून गेले. त्या रात्री मी माझ्या 3 डेसिबलमधले दीड परत केले.

मग खोलीनं दगा दिला. काकूंचा स्वर काळी तीन. कीबोर्डवर मी धरलेला खर्जातला सा 46 हर्ट्झच्या आसपासचा. 12 फूट लांबीच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये जी पहिली मोठी लाट अडकून राहते, ती साधारण 47 हर्ट्झची. ती लाट भिंतींपाशी फुगते आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीशी होते. माझी खुर्ची बरोबर मध्यावर होती. स्पीकर इमानानं वाजवत होता, पण तो सा माझ्यापर्यंत पोचता पोचता मरत होता. मी तो वाढवला, परत वाढवला, तिसऱ्यांदा वाढवला. दुसऱ्या दिवशी मित्राच्या गाडीत लावलं तर काकू गाभाऱ्यात आणि बाहेर विसर्जनाचा ट्रक. मित्रानं काही न बोलता आवाज कमी केला. इतका स्पष्ट अभिप्राय मला आजवर कोणी दिलेला नाही.

लोक भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवतात. त्यानं बाहेरचा आवाज आत यायचा थांबत नाही आणि आतला खर्जही आवरत नाही. गोधड्या टांगल्या तर त्या वरची किणकिण तेवढी पितात. खर्जाला कोपऱ्यांत वीतभर जाडीचं काहीतरी भरावं लागतं. तेवढी ऐपत आणि तेवढी खोली नसल्यानं मी खुर्ची दोन फूट पुढे ओढली. बराचसा सा परत आला.

खोलीसारखाच आपला कानही फसवा. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी 1933 मध्ये दाखवून दिलं की हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि आवाज वाढवला की तो भरून येतो. म्हणून रात्री मोठ्यानं लावलेलं काहीही थोर वाटतं. आता मी बायको स्वयंपाकघरातून काय म्हणाली ते कळेल एवढ्याच आवाजात काम करतो. संसारालाही ते बरं पडलं.

राहिला स्पीकर. यामाहाचा पांढऱ्या पडद्याचा एनएस-10 नावाचा स्पीकर 1978 मध्ये घरगुती म्हणून बाजारात आला आणि पुढे जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला. तो गोड वाजतो अशी त्याची ख्याती मुळीच नव्हती. तो चुका लपवत नाही, ही होती. माझ्याकडे एनएस-10 नाही, तडा गेलेल्या काचेचा जुना फोन आहे. त्याच्या स्पीकरमधून 46 हर्ट्झ बाहेर पडणं अशक्य. पण त्या सा चे पटीपटीनं चढत जाणारे वरचे अंश ऐकू आले तर मूळ स्वर मेंदू स्वतःच पुरवतो. म्हणून खर्जाला किंचित खरखरीत केलं आणि तो फोनवर 'ऐकू' यायला लागला. नसलेला स्वर ऐकू येतो, ही गोष्ट मला अजूनही पुरती पचलेली नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला काकूंच्या आवाजाच्या रेघेत. कॉम्प्रेसर नावाचं यंत्र मोठं लहान करून देतं, पण त्याला अभंग कळत नाही. ओळीच्या शेवटी दम संपत आला की काकूंचं शेवटचं अक्षर खाली बसतं. ते हातानं दीड-दोन डेसिबल उचलायचं, असं ओळीमागून ओळ. सकार टोचतो म्हणून तो कापणारं एक यंत्र असतं. त्याला मराठी येत नाही. चंद्रातला च त्यानं सोडला आणि चांदण्यातला च मुळापासून छाटला. तेही मग हातानंच. एका रात्री मी काकूंचे सगळे श्वास काढून टाकले. सकाळी ऐकलं तर देव्हाऱ्यातली मूर्ती गात होती. सगळे श्वास मुकाट्यानं परत ठेवले.

रिव्हर्बबद्दल एवढंच, की तो चालू आहे हे कळत असेल तर जास्त झालाय. आणि आवाज मोठा करायची शर्यत मी खेळलो नाही. स्पॉटिफायसारखी ठिकाणं सगळ्यांची गाणी एलयूएफएस या आवाजाच्या मोजपट्टीवर साधारण -14 च्या पातळीला आणून ठेवतात, ओरडणाऱ्याला खाली बसवतात.

मेथीवाला मात्र उरला. त्याची हाक काकूंच्या सा च्या पोटातच होती, काढायला गेलं की सा चा तुकडा बरोबर येत होता. पेटीचा एक स्वर त्याच्यावर आणून पाहिला, टाळ जरा अलीकडे सरकवून पाहिले. चार संध्याकाळी गेल्या. शेवटी तो खूप मागे, खिडकीपलीकडे, माहीत असलेल्यालाच ऐकू येईल इतका राहिला.

काकूंनी गाणं ऐकलं ते हेडफोनवर नाही, गॅसजवळ फोन ओट्यावर ठेवून, डब्याला टेकवून. पहिलं कडवं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्यात डोळे उघडले.

"अरे, हा आपला मेथीवाला!"

"काकू, अजून प्रयत्न करतो. निघेल तो."

"कशाला?" त्यांनी बोटानं गाणं मागे नेलं, नीट जमलं नाही, पुन्हा नेलं. हाक परत आली. "त्या दिवशी तुझ्या रेकॉर्डिंगपायी जुडी घ्यायची राहिलीच माझी."