बुकिंगचे एकवीस हजार

उमरी, 7 सप्टेंबर 2025, रविवार

जीएसटीचा नवा दर 22 तारखेपासून लागणार, पण महिंद्राने कालपासूनच भाव उतरवले. स्कॉर्पिओ-एनवर एक लाख पंचेचाळीस हजारांपर्यंत, जुन्या ढाच्याच्या क्लासिकवर एक लाख एक हजारांपर्यंत. नांदेडच्या शोरूममधल्या पोराचा सकाळीच फोन. "काका, बुकिंग टाकून ठेवू का? दिवाळीत रांग लागंल."

आता पितृपक्ष. या पंधरवड्यात आमच्याकडं कुणी चप्पल बदलत नाही, गाडी कुठली घेतोय! पण बुकिंगला तिथी लागत नाही, असं पोराचं म्हणणं. फोनवरूनच 21 हजार पाठवले. नाही घेतली तर परत मिळतात.

ही विचारत होती, "अहो, आहे त्या गाडीला काय झालं?" काही झालं नाही, हेच उत्तर. नोव्हेंबर 2011 ची एमएच-26 पासिंगची स्कॉर्पिओ, 2.2 लिटरचं एमहॉक इंजिन. किलोमीटरचा काटा अडीच लाखांच्या पुढे गेलाय. इंजिन अजून खोललेलं नाही.

12 सप्टेंबर

मिस्त्रीकडं ऑइल बदलायला गाडी सोडली. त्यांना नव्या गाडीचं सांगितल्यावर बोनेटमधून डोकं न काढता म्हणाले, "घ्या की. पण मंग माझ्याकडं आणू नका. त्याला लॅपटॉप लागतो, माझ्याकडं पानं हायेत."

आमच्या घरात महिंद्राची गाडी आली ती बाबांच्या कमांडर जीपपासून. तेव्हा उमरी-भोकर, उमरी-धर्माबाद रस्त्यांवर काळी-पिवळी म्हणजे कमांडर नाहीतर मार्शल. आत किती माणसं आणि टपावर किती, ते ड्रायव्हरनंच मोजावं. मग 2002 च्या जूनमध्ये स्कॉर्पिओ आली. जीप-ट्रॅक्टरच्या कंपनीनं नाशिकला स्वतः आखून केलेली गाडी. तिच्यामागं होते पवन गोयंका, अमेरिकेतल्या जनरल मोटर्समधली नोकरी सोडून 1993 ला नाशिकच्या संशोधन विभागात आलेले इंजिनिअर. खर्च साडेपाचशे-सहाशे कोटी. परदेशी कंपन्या नव्या गाडीवर याच्या कितीतरी पट ओततात, हे तेव्हा वाचून छाती फुगली होती. आपल्या राज्यात, आपल्या पैशात झालेली गाडी. घेतली तर हीच, असं ठरवायला मला नऊ वर्षं लागली, कारण पैसे जमायला नऊ वर्षं लागली.

17 सप्टेंबर, बुधवार

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदनाला गेलो. उमरीत हा दिवस आला की बँकेची गोष्ट निघतेच. निजामाविरुद्धच्या लढ्यातल्या सैनिकांनी 1948 च्या जानेवारीत इथली बँक लुटली आणि त्या रकमेचा हिशोब ठेवला. भाषणात लुटीचा भाग रंगवून येतो, हिशोबाचा एका वाक्यात संपतो. माझ्या मते मोठेपणा त्या हिशोबात आहे. कार्यक्रम संपला तेव्हा मैदानाबाहेर पांढऱ्या स्कॉर्पिओंची रांग होती. त्यात माझीच गाडी धुळकट.

22 सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

शोरूमला जाऊन आलो. गर्दी मोंढ्यासारखी. हार घातलेल्या गाड्या, पेढे, फोटो.

स्कॉर्पिओ-एन चालवून पाहिली. खोटं कशाला लिहू, फारच चांगली आहे. वळणावर झुकत नाही, खड्ड्यात आपटत नाही, दार लावलं की बाहेरचा गोंगाट बाहेर. डिझेलची ताकद 175 पीएसपर्यंत, माझी 120 ची. दोन्ही एकाच नावाच्या आहेत हे फक्त मागच्या अक्षरांवरून कळतं.

मग एकेक शंका. लांबी 4,662 मिलिमीटर, रुंदी 1,917. जुनी 1,820 च्या आसपास. म्हणजे चार बोटांहून जास्त फरक. आमच्या गल्लीत मारुतीच्या ओट्यापाशी जुनी गाडी आरसे मिटवून निघते. दुसरं, मागच्या समोरासमोरच्या सीटा. त्या भिंतीला उभ्या केल्या की बियाण्याच्या पिशव्या, फवारणीचे पंप, काहीही बसतं, आणि लग्नाच्या वेळी पोरं. नव्या गाडीत मागं पुढच्या दिशेला तोंड केलेलं बाकडं. पोरगा म्हणाला, "फॅमिलीसाठी बेस्ट आहे काका." माझ्या फॅमिलीत खताच्या बॅगाही येतात, हे त्याला कसं सांगू?

तिसरी शंका ऐकून मात्र मी हसलो. नव्या डिझेल गाडीत डीईएफ नावाचं पाणी टाकावं लागतं, धुरातला विषारी वायू मारायला. ते पाणी म्हणजे साडेबत्तीस टक्के युरिया. यंदा खरिपात युरियाच्या 45 किलोच्या गोणीसाठी माझ्या खत-बियाण्याच्या दुकानापुढं पहाटेपासून माणसं उभी होती. आता गाडीही रांगेत. अर्थात आपला नीमकोटेड युरिया तिला चालत नाही, तिचा वेगळा, शुद्ध. तिथंही जातपात आलीच.

हिशोब असा. मधलं मॉडेल सतरा लाख धरलं, तर दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीवर राज्याचा रस्ताकर 14 टक्के, म्हणजे 2 लाख 38 हजार. वर विमा. गाडी दारात येईस्तोवर वीस लाख. जीएसटीत जे वाचलं ते रस्ताकराच्या एका ओळीत गेलं, वर नव्वद हजार आणखी.

28 सप्टेंबर

पाऊस थांबायला तयार नाही. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडलेत, गोदावरी पात्राबाहेर. आमचं खालचं सोयाबीन तीन दिवस पाण्यात. शेंगांना झाडावरच कोंब आले. गाडी पांदणीत घातली, काळ्या मातीचा लगदा चाकाला धरून बसला, तरी निघाली. बांधावरून बघितलं आणि परत आलो. आज याहून जास्त लिहवत नाही.

2 ऑक्टोबर, दसरा

गाडीला झेंडूचा हार, लिंबू. शोरूमचा फोन आला, उचलला नाही.

9 ऑक्टोबर

परवा मुख्यमंत्र्यांनी अतिवृष्टीसाठी 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. दुकानात दिवसभर त्याचीच चर्चा, कुणाच्या खात्यावर किती आणि कधी. एकानं सातबारा काऊंटरवर ठेवला आणि विचारलं, "मालक, रब्बीला हरभऱ्याचं बी उधार देताव का?" गेल्या खरिपाची त्याची उधारी तशीच आहे. दिलं. न देऊन त्याची जुनी बाकी कशातून फिटणार?

रात्री वही काढली. सतरा लाखांच्या गाडीला बारा लाखांचं कर्ज, नऊ टक्क्यांनी, सात वर्षं. हप्ता एकोणीस हजार तीनशेच्या पुढं. व्याजच सव्वाचार लाखांच्या घरात. सोयाबीनचा यंदाचा हमीभाव 5,328 रुपये. त्या भावानं धरलं तरी महिन्याला साडेतीन क्विंटलच्या वर, वर्षाला त्रेचाळीस-चव्वेचाळीस क्विंटल सोयाबीन एका गाडीला. आणि हमीभाव मोंढ्यात मिळत नाही. तिथं ओलावा बघून भाव पाडतात. चांगल्या वर्षी सहा-सात एकरांचं पीक गाडी खाणार. यंदासारख्या वर्षी ती काय खाईल?

पण खरी अडचण हप्त्याची नाही. दिवाळीनंतर मला वसुलीला गावोगाव जायचं आहे, गोरठ्यापासून नदीकाठच्या गावांपर्यंत. ज्याच्या शेतात अजून पाणी साचलेलं आहे त्याच्या दारात वीस लाखांची कोरी गाडी उभी करून मी बाकी मागायची. तो तोंडावर बोलणार नाही, पाणी देईल, चहा देईल. मी वळलो की म्हणेल, आमच्याच पैशाची गाडी. आणि त्यात चूक काय? माझ्या दुकानाचा नफा त्याच्याच शेतातून येतो. जुनी गाडी दारात थांबली की लोकांना ती ओळखीची वाटते, कोणाच्या तरी बाळंतपणाला, कोणाच्या मयतीला गेलेली असते.

20 ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

थोरला पुण्याहून आला, सून आणि नातू सोबत. फराळावर बसलो असताना मी माझा सगळा युक्तिवाद मांडला, रुंदी, युरिया, सोयाबीन, वसुली. त्यानं शांतपणे ऐकलं. मग मोबाइलवर ग्लोबल एनकॅपची चाचणी लावली, 2016 ची. बिनएअरबॅगची स्कॉर्पिओ ताशी 64 किलोमीटरनं अडथळ्यावर आदळते. मोठ्यांच्या सुरक्षेला शून्य तारे. नंतर 2022 ची, स्कॉर्पिओ-एनची. मोठ्यांना पाच तारे, मुलांना तीन.

"बाबा, तुमच्या गाडीत एअरबॅग आहे का?"

नाही. तेव्हा वरच्या मॉडेलला पैसे पुरले नव्हते.

"मग त्या गाडीतून याला नांदेडला न्यायचं का, सांगा."

नातू मांडीवर बसून चकली खात होता. माझ्याकडं याला उत्तर नाही. इंजिन खोललं नाही, मिस्त्री गावात आहे, लोक ओळखतात, यातलं काहीही चौसष्टच्या वेगाला उपयोगी पडत नाही. एवढ्या वर्षांत गाडीनं कधी दगा दिला नाही म्हणणं वेगळं आणि गाडी सुरक्षित आहे म्हणणं वेगळं. ही आतून म्हणाली, "आता काय लिहूलालाव वहीत? त्याचं बरोबर आहे." बरोबरच आहे.

23 ऑक्टोबर, भाऊबीज

ठरलं ते असं. यंदा नवी गाडी नाही. नातू आणि सून या गाडीत मोठ्या रस्त्याला बसणार नाहीत. नांदेडला जायचं तर इथून रेल्वे आहे, पुढं पुण्याचीही रेल्वे नांदेडहून मिळते. रात्रीचा महामार्ग मलाही बंद. गावातली कामं, शेत आणि वसुली, एवढंच जुन्या गाडीकडं. पंधरा वर्षांची नोंदणी पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात संपते. फेरनोंदणीची फी 5,000 रुपये आणि वर तपासणी. तोवर एक खरीप हाती येईल. ते आलं तर एअरबॅग असलेली गाडी घ्यायची, एन असो नाहीतर दुसरी लहान, दुसऱ्या कंपनीची असली तरी चालेल. थोरल्याला हे अर्धंच पटलं.

शोरूमला फोन करून बुकिंग रद्द केलं. पोरगा नाराज झाला, डिसेंबरात सूट असते म्हणाला. पैसे आठ-दहा दिवसांत खात्यावर येतील. जुन्या गाडीचे टायर गुळगुळीत झालेत. 235/70 आर16 चा एक टायर नऊ-दहा हजारांना पडतो, म्हणजे या एकवीस हजारांत दोनच येतात. उरलेल्या दोन टायरांचे पैसे दुकानातून घालून वसुलीला निघण्याआधी चारही बदलायचे आहेत.