झाकली मूठ

गेली बावीस वर्षं मी बँकेत लोकांच्या सह्या पाहतो. चेकवरची सही आणि नमुन्याची सही यांची गाठ घालून द्यायची, दोघींची ओळख पटली की पास म्हणायचं. हल्ली नमुन्याच्या कार्डाच्या जागी पडदा आला, पण मान तिरकी करून पाहणं तेच राहिलं. एवढ्या भांडवलावर आमच्या नात्यागोत्यात मी अस्सल-नक्कल ओळखणारा म्हणून प्रसिद्ध आहे. तुपापासून पैठणीपर्यंत सगळं माझ्यापुढे येतं. मी बी. कॉम. माणूस, मला तुपातलं काय कळणार? पण मान तिरकी केली की समोरच्याचं समाधान होतं.

त्यामुळे कोकणातून मामांचा फोन आला तेव्हा मला नवल वाटलं नाही. "अरे, बंदुकीची मूठ मूळची आहे की मागाहून बदललेली, ते सांगायला ये."

मामांकडे आजोबांची दुनळी बंदूक आहे. परवाना शेतीसंरक्षणाचा. वानरं आणि डुकरं तिच्या आवाजाला पूर्वी भीत असत, आता ओळखीची झाली आहेत. निवडणूक आली की बंदूक पोलिसांत जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. 2024 साली ती दोनदा झाली, एकदा लोकसभेला, एकदा विधानसभेला. शहात्तर वर्षांचे मामा दोन्ही वेळा एस.टी.ने गेले आणि दुसऱ्या खेपेला, "विकतो आता ही ब्याद," म्हणत घरी आले.

खरी ब्याद बंदूक नव्हती. बंदूक मामेबहिणीला हवी होती. आंब्या-काजूची सगळी बाग तीच पाहते. परवानेदाराची सत्तरी उलटली की हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो, हेही तिनं काढून ठेवलं होतं. पण मामांचं एकच पालुपद, "आमच्या घरात बाईमाणसानं बंदूक धरली नाही." त्यांनी शहरातल्या बंदूकवाल्याला भाव विचारला. तो म्हणाला, मूठ मूळची असेल तर एक भाव, नसेल तर दुसरा. आमचे मामा तिथेच अडले.

मी तीन रविवार पुस्तकं चाळली. माझ्या समजुतीप्रमाणे बंदुकीत पाहण्यासारखी जागा एकच, गोळी बाहेर येते ती. पण जाणकार म्हणे आधी दस्त्याची मूठ पाहतात. विलायती दुनळीच्या मुठी मुख्यतः तीन. पहिली सरळ, छडीसारखी. या बंदुकांना बहुधा दोन चाप असतात, पुढचा एका नळीचा, मागचा दुसरीचा. एक बार काढून दुसऱ्या चापाकडे हात सरकवायला सरळ मूठ सोयीची. तिसरी पुरती पिस्तुलासारखी वाकलेली, टोकाला बहुतेक शिंगाचं बूच. या दोहोंच्या मधली, खालून हलकेच गोलाई दिलेली, ती अर्धी. तिचीच एक गुबगुबीत बहीण प्रिन्स ऑफ वेल्सच्या नावानं ओळखली जाते. आपल्याकडे आंब्याला राजांची नावं देतात, तिकडे मुठीला.

मामांनी बंदूक धोतरातून सोडवली, मोडून नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवलं आणि म्हणाले, "बघ. सरळ मूठ. अस्सल इंग्लिश!"

इंग्लिश होती यात शंका नव्हती. नळ्यांच्या बुडाशी बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे छाप होते आणि 'नॉट फॉर बॉल' अशी अक्षरं. मामांनी लहानपणी त्याचा अर्थ 'अंगणात चेंडू खेळू नये' असा लावला होता. वास्तविक नळीचं तोंड आत निमुळतं आहे, एकसंध गोळी घालू नका, छर्रेच घाला, असा तो हुकूम. हा छाप 1875 ते 1887 एवढीच वर्षं मारत. म्हणजे बाईसाहेबांचं वय कळलं. आता मूठ.

चापांभोवतीच्या कडीला मागे एक लोखंडी शेपटी असते, मुठीच्या पोटाशी लाकडात बसवलेली. पुष्कळदा बंदुकीचा नंबरही तिच्यावरच कोरतात. मूठ सरळ असेल तर शेपटी लांब आणि सरळ, वाकडी असेल तर वळणाप्रमाणे वाकलेली. मान तिरकी केली. शेपटी सरळ होती, पण कुणीतरी ठोकून सरळ केलेली. हातोडीच्या खुणा बोटाला लागत होत्या. शेवटचा स्क्रू नव्या भोकात होता आणि जुन्या भोकात लाकडाची खुंटी. मुठीवर पकडीसाठी कोरलेली शंकरपाळी होती, बाजूंना रेखीव, काठाला रेघ मारून संपवलेली. पोटाकडे मात्र शंकरपाळे अर्ध्यातच कापलेले, काठाची रेघच गायब. खाडाखोड केलेला चेक मी लांबून ओळखतो, हा तर जवळ होता.

"मामा, ही अर्ध्या पिस्तुली मुठीची होती. कुणीतरी खालची गोलाई तासली आहे."

मामांचा चेहरा पाहून मला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते बंदुकीलाही लागू असावं. "बाबा असं करणार नाहीत," ते म्हणाले, आणि साक्षीला त्यांनी डोंबिवलीला माझ्या आईला फोन लावला. आई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी.

"ती मूठ होय?" फोनमधून आई सगळ्या ओटीला ऐकू जाईल अशी म्हणाली. "ती आईनं तासून घेतली सुताराकडून. बाबा आठ महिने मुंबईला नोकरीत, इकडे भातात डुकरं. आईचा हात एवढासा. त्या फुगोट्यामुळे हात पुढे जात नसे, बोट चापाला पोचत नसे. दोन डुकरं पाडलीन् तिनं. तू पाळण्यात होतास, बार झाला की भोकाड पसरायचास."

परवाना आजोबांच्या नावावर आणि चाप आजीच्या बोटाखाली! मामी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. ते रडणं नव्हतं.

मामांनी फोन ठेवला. बराच वेळ ते अंगठ्यानं त्या कापलेल्या शंकरपाळ्यांवरून चाचपत बसले. मग लेकीला म्हणाले, "धर बघू." तिनं धरली. बोट सहज पुढच्या चापाशी गेलं.

"बंदूकवाल्याला काय कळवायचं?" मी विचारलं.

"त्याला काय कळवायचंय? तू फॉर्म भर, तुझं अक्षर बरं आहे."

मी संध्याकाळपर्यंत फॉर्म भरला. मामांनी खाली सही केली. जुन्या परवान्यावरची सही घोटीव, वळणदार, ही थरथरती, शेवटचं अक्षर रेघेखाली उतरलेलं. बँकेत आली असती तर परत पाठवली असती. मान तिरकी करून मी ती नीट पाहिली आणि पास केली.